खिळ्यावरचा आठ

तमाम वाचकांना कळवण्यात येते की, आमच्या चिंचखाप्याची लोकसंख्या एका सकाळी अचानक एकाने वाढली. बाब अत्यंत गंभीर आहे. त्या सकाळी गावात कोणाचा जन्म झाला नव्हता, कोणाच्या घरी सून आली नव्हती, नवा तलाठी रुजू झाला नव्हता. तरी माणूस वाढला. तो कसा वाढला आणि त्याचे पुढे काय झाले याची खरी हकीकत सांगू शकेल असे जगात आता एकच माणूस उरले आहे. ते माणूस, म्हणजे मी, या क्षणी नागपूरच्या मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर पोहे भिजवून बसलेली आहे. पोहे जास्त भिजले की त्यांचा लगदा होतो, म्हणून उशीर न करता सुरुवात करते.

चिंचखापा कुही आणि उमरेडच्या मध्ये कुठेतरी आहे. खेडे म्हणावे तर मोठे आणि शहर म्हणावे तर ऐकणारा हसेल, असे गाव. एक बाजारओळ, दोन तळी, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, आणि एक एस.टी.चा थांबा. थांब्यासमोर बंडूजींचे हॉटेल होते. हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाकडी आणि सकाळी सहापासून नाकात घुसणारा तर्रीचा वास. आणि हॉटेलच्या अगदी समोर आमची शान उभी होती: लोकसंख्येचा बोर्ड. इतर गावांच्या बोर्डावर आकडा रंगवलेला असतो. एकदा रंगवला की लोक मरोत की जन्मोत, बोर्डाला त्याचा पत्ता नसतो. आमचा बोर्ड जिवंत होता. कुठल्याशा जुन्या सरपंचाने क्रिकेटच्या सामन्यातला धावफलक पाहिला आणि गावी येऊन ही टूम काढली. निळ्या पत्र्यावर चार खिळे, खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे पांढरे आकडे. मूल जन्मले की एक चढवायचा, माणूस गेला की एक उतरवायचा. हे काम ग्रामपंचायतीच्या शिपायाचे. शिपाई माझे बाबा. जास्तीचे आकडे आमच्या घरी लोखंडी पेटीत, आईच्या लग्नातल्या शालूखाली ठेवलेले असत. त्यामुळे लहानपणी मला वाटे की गावातली सगळी माणसे आमच्याच पेटीतून निघतात.

बोर्डाचे कायदे कडक होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. ज्या घरामुळे आकडा चढला त्या घराने हॉटेलात बुंदी द्यायची, मग ते घर कितीही गरीब असो. मुलगी सासरी निघाली की एस.टी. थांबवून ठेवायची आणि मुलीच्या भावाने स्वतःच्या हाताने आकडा एकाने उतरवायचा. तो उतरल्याशिवाय कंडक्टर घंटी मारत नसे. माझी कमलआत्या लग्न होऊन उमरेडला निघाली तेव्हा भाऊही बाबाच आणि शिपाईही बाबाच. डोळ्यांतून आणि नाकातून एकदमच पाणी चाललेले, त्यात स्टुलावर चढलेले. एस.टी.च्या खिडकीतून आत्या ओरडली, "दादा, सरळ टांग न गा! तिरपा दिसून राहिला!" आणि सगळ्या एस.टी.ला ऐकू जाईल असे हसली. आत्याचे हसणे म्हणजे पितळी भांड्यांची उतरंड कोसळावी तसे. नवरीने असे हसू नये असे आमच्या गावात मत होते. तसे कोणीच हसू नये असे मत होते, पण हॉटेलातल्या बाकड्यांना त्यातून सूट होती.

त्या बाकड्यांविषयी मी प्रेमानेच बोलणार आहे, कारण माझे अर्धे शिक्षण तिथले. गावातले सात-आठ कर्तबगार पुरुष तिथे दिवसभर बसत आणि बोर्डाकडे बघत. कोणी आजारी पडला की पोह्याच्या प्लेटीवर पैज लागे: हा आठवडा काढतो की नाही. भागीरथी आजी एकदा तीन आठवडे अंथरुणाला खिळली, तेव्हा पैजा वाढत वाढत आलूबोंड्यांपर्यंत गेल्या. चौथ्या आठवड्यात बंडूजी स्वतः तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "आजी, लोक खोळंबून राहिले जी." आजी खाटेवरून म्हणाली, "मेल्या, पहिले तुहा उतरन, मंग माहा!" ती उठली, बरी झाली आणि पुढे सहा वर्षे रोज त्या बोर्डाखाली उन्हाला येऊन बसायची. पैज हरलेल्यांनी तिला कधी माफ केले नाही. वाचकहो, हसा. मीही अजून हसते. आमच्या गावात कोणाला काठीने मारत नसत, कारण तशी गरजच पडत नसे.

तर आत्या. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, हिवाळा संपता संपता, तिच्या नवऱ्याने तिला एस.टी.त बसवले. दोन दिवस माहेरी राहून ये म्हणाला, ट्रंकही त्यानेच चढवून दिली. दोन दिवसांसाठी ट्रंक कशाला, हे आत्याला अर्ध्या रस्त्यात सुचले. ती चिंचखाप्याच्या थांब्यावर उतरलीच नाही. एक फाटा आधी उतरली आणि ट्रंक डोक्यावर घेऊन, बाकड्यांना दिसू नये म्हणून, बांध्याबांध्यांतून मागच्या दाराने घरी आली. आठ दिवसांनी निरोप आला की त्याने दुसरी आणली. बाबांनी निरोप ऐकला आणि मागच्या दाराला आतून कडी लावली. "काही दिवस बाहेर नको निंघू," एवढेच म्हणाले. ते काही दिवस पाच महिने चालले.

बाबा वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट बाप असता तर ही गोष्ट फार सोपी झाली असती. ते मला खांद्यावर घेऊन बाजारात नेत, आईचे डोके दुखले तर भाकरी थापत, आणि माणूस गेला की आकडा उतरवताना टोपी काढत. त्यांना भीती फक्त एका प्रश्नाची होती. आईने एकदा विचारले, "तुमची सख्खी बहीण हाये. बोर्डावर काहून चढवत नाही?" बाबा ताटातला गोळाभात कालवत राहिले. मग म्हणाले, "चढवला की बंडूजी विचारन, बुंदी कायची? काय सांगू? टाकलेल्या बहिणीची?" भिंतीवर आजोबांचा फोटो होता. आजोबा दीक्षेच्या वेळी नागपूरला पायी गेले होते. म्हातारपणी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "तथी मी पहिल्या डाव माणसात मोजल्या गेलो." आत्या त्या फोटोवरची धूळ पदराने पुसायची आणि म्हणायची, "याईचा आकडा चढला. माहा दादाच्या पेटीत हाये."

ते पाच महिने माझ्या बालपणातले सगळ्यात सुखाचे होते. लाज वाटते, पण होते. घरात एक हक्काची कैदी होती आणि ती सगळी माझी होती. तिची लुगडी आतल्या खोलीत वाळत, म्हणून घरभर ओल्या सुताचा वास असे. उमरेडला सासरी हातमाग होता. तिथली सवय तिच्या पायांत राहिली होती, बसल्या जागी तिचे पाय आळीपाळीने खालीवर होत. दुपारी ती सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, करायची, तळताना चुर्र आवाज झाला की दार लोटायची, कारण आवाज ऐकून कोणी आत आले तर? हसू आले की तोंडात पदर कोंबायची. पितळी उतरंड आता गोधडीत गुंडाळून पडायची. आणि रोज शाळेतून आले की, मी दप्तर टाकायच्या आत, विचारायची, "किती हाये वं आज?" आकडा चार खिळ्यांचा असला तरी आम्ही शेवटचाच बोलायचो. मी सांगे, "पाच." ती म्हणे, "म्हंजे खरे सहा." मी सांगे, "सहा." ती म्हणे, "म्हंजे खरे सात." संपूर्ण चिंचखाप्यात खरी लोकसंख्या फक्त आम्हा दोघींना माहीत होती. निदान मला तसे वाटत होते.

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. आई पहाटेच बायांबरोबर रोवायला गेली होती, बाबा कुहीला पंचायत समितीची डाक घेऊन. मी अकरा वर्षांची, सहावीत, आणि स्वतःला फार हुशार समजणारी. बोर्डावर त्या आठवड्यात सात होता. मी शालू बाजूला केला, पेटीतून आठ काढला, दप्तरात घातला आणि शाळेच्या तासभर आधी निघाले. बंडूजी मागे विहिरीवर होते. मी त्यांचे बाकडे ओढले, वर चढले, सात काढला, आठ टांगला. सरळ टांगला. सात दप्तरात कोंबला. काय वाटले सांगू? सगळे गाव मी जन्माला घातले असे वाटले. पळत घरी आले आणि आत्याच्या गळ्यात पडून म्हणाले, "आत्या! बाबानं आठ टांगला!"

खोटे का बोलले? कारण मी टांगला म्हटले असते तर तो फक्त पत्रा झाला असता. एवढे मला अकराव्या वर्षीही कळत होते. पुढचे कळत नव्हते.

आत्या रडली नाही. ती उभीच्या उभी राहिली, तिचे पाय थांबले. "दादानं?" "हो." "सोताच्या हातानं?" "हो, जाता जाता." मग तिने चुलीपुढचा केर काढला, हात धुतले आणि म्हणाली, "बेसन पाय किती हाये. बुंदी द्याची न." मी डबा काढून दिला, साखर काढून दिली, आणि शाळेत निघून गेले. मागे दार उघडेच होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा कढईचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

इकडे बाकड्यांवर काय आनंद उसळला होता! नऊ वाजेपर्यंत गावभर झाले की बोर्ड चढला. "बुंदी कोणाची?" हा प्रश्न घेऊन माणसे घरोघर निघाली. तीन गरोदर बायांच्या घरी जाऊन त्यांची पोटे जागेवर आहेत का पाहून आली. मास्तरांना विचारले. दोन वर्षांपूर्वी बायको मेलेल्या सोनाराला विचारले, "का गा, गुपचूप आणली का दुसरी?" आमच्या घराकडे मात्र कोणीच फिरकले नाही. मधल्या सुट्टीत मी दप्तरासकट थांब्यावर गेले तेव्हा बंडूजी मला पाहून डोळे मिचकावत म्हणाले, "काय वं नंदे, तुह्या बापाले इचार न, कोण वाढलं?" आणि बाकडी खदखदली. कोणीतरी मागून म्हणाले, "पाच महिने झाले, पैज लावू लावू थकलो बाप्पा. म्या तं म्हटलं होतं, पोळ्याच्या आधी चढवते."

त्यांना माहीत होते. ती बांध्यांतून चालत आली त्या दिवसापासून सगळ्या गावाला माहीत होते. ओली लुगडी, सांबारवड्यांचा वास, लोटलेले दार, पदर कोंबलेले हसू, सगळे. आम्ही पाच महिने लपवत होतो आणि ते पाच महिने आम्हाला लपवताना बघत होते. पोह्याच्या प्लेटी लावून. आज इतक्या वर्षांनी, माझ्या सोसायटीत कोणाच्या घरी कोण आले-गेले हे गेटवरचा रखवालदार मोबाइलवर टिपतो आणि शेजारच्या बाई कपाळाला हात लावून म्हणतात, काय ही पाळत! मी मनात म्हणते, बाई, तुम्ही बंडूजींची बाकडी बघितली नाहीत.

अकराची एस.टी. आली. बाबा उतरले, पिशवी काखेत, आणि त्यांनी वर पाहिले. मी त्यांचा चेहरा सांगू शकत नाही. एवढेच सांगते की त्यांनी टोपी काढली. सरपंच तोवर हॉटेलात येऊन बसले होते, गोड बोलणारा माणूस. म्हणाले, "या. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. आकडा चढला तं रजिस्टरात नाव पाह्यजे का नाही? कोणाचं लिहू?" त्यांनी मांडीवर खरेच रजिस्टर घेतले होते. पेनाचे टोपणही काढून ठेवले होते. बाबा म्हणाले, "काही चूक झाली असन. उतरवतो." बंडूजींनी किती तत्परतेने स्टूल आणून दिले! बाबा चढले. आठ काढायला हात वर नेला, आणि थांबले. "सात कुठी हाये?" त्यांनी वर पाहिले, खाली पाहिले, बोर्डामागे पाहिले. सात माझ्या दप्तरात होता. त्याचे टोक माझ्या पाठीला टोचत होते.

आणि तेवढ्यात बाजारओळीतून कमलआत्या आली. लग्नातले हिरवे लुगडे, डोक्यावर पदर, हातात परात. पाच महिने उन्हात न आलेले माणूस इतके पांढरे दिसते हे मला माहीत नव्हते. ती डोळे बारीक करून चालत होती आणि तिला वाटेत कोणाचीही लाज वाटत नव्हती, कारण तिला भावाने मोजले होते. सरळ बाकड्यांपाशी आली. आधी सरपंचांना दिली, मग एकेकाला, मग बोर्डाखाली बसलेल्या भागीरथी आजीला. कोणीही नाही म्हटले नाही. सगळ्यांनी ओंजळी पुढे केल्या. बंडूजींनी मूठभर तोंडात टाकली, चावली आणि जाणकारासारखे म्हणाले, "पाक कच्चा राहिला, बाई." बाकडी हसली. आत्याही हसली. तोंडात पदर न घालता, पितळी उतरंड पूर्ण कोसळवून.

मग ती स्टुलाजवळ गेली आणि परात वर धरली. "दादा, घे न. तू टांगला म्हणून तळली." बाबा वरून तिच्याकडे बघत होते. आठ अजून खिळ्यावर होता, त्यांचा हात त्याच्यावर होता. हात खाली आला. काढायला नाही, नुसताच खाली आला, आणि परातीतली चिमूटभर बुंदी त्यांनी उचलली. मी शपथेवर सांगते, ते ती खाणार होते. खाऊन झाल्यावर तिचे नाव सांगणार होते. त्यांचे ओठ 'क' साठी उघडलेले मी पाहिले. सरपंच म्हणाले, "तुम्ही टांगला? तुम्ही तं पहाटेच कुहीले गेले होते. मंग कोणं टांगला?"

बाबांची नजर फिरली. आकडे आमच्या पेटीत, आई रोवणीवर, म्हणजे घरात उरले कोण, हा हिशोब त्यांना एका क्षणात सुटला आणि ती नजर माझ्या दप्तरावर येऊन थांबली. मग बंडूजींची, मग सगळ्यांची. आत्याचीही. तिला कळले. तिच्या चेहऱ्यावरून हसू उतरले, आणि तरी तिचा पाकाने चिकट झालेला हात माझ्या खांद्यावर आला आणि तिने मला थोडेसे आपल्या मागे ओढले. म्हणजे आता ती काहीतरी सांगणार होती. काय सांगणार होती ते मला कधीच कळले नाही.

पुढचे आधीच सांगून टाकते. बाबांनी आठ उतरवला. सात कोणाला सापडलाच नाही, म्हणून शेवटचा खिळा दुपारपर्यंत रिकामा होता. बाबांनी नवा सात कापून रंगवला, तो जन्मभर तिरपाच राहिला. आत्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने नागपूरला निघून गेली, भर उजेडात, थांब्यावरूनच. एस.टी. थांबवून ठेवावी लागली नाही. ती कधी चढलीच नव्हती, तर उतरवायचे काय? नागपुरात तिने डबे केले, पुढे स्वतःची खानावळ काढली. मी कॉलेजला आले तेव्हा चार वर्षे तिच्याच खोलीत राहिले, तिच्याच हातचे जेवले. त्या दिवसाविषयी ती एक अक्षर बोलली नाही. दर दिवाळीला ती बुंदी करायची आणि पहिली मूठ माझ्या तळहातावर ठेवायची. पाक पक्का असायचा. माझ्याकडे बघत राहायची, मी खाईपर्यंत. जुना सात माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरात, मायक्रोवेव्हच्या मागे. आत्या गेली त्या दिवशी तो काढून पाहिला आणि परत ठेवला.

तर, सरपंचांनी विचारले होते, कोणी टांगला. आत्याचा हात माझ्या खांद्यावर होता, बाबांच्या बोटांत बुंदी होती, सगळे गाव माझ्या दप्तराकडे बघत होते, आणि मी, सगळ्यांत हुशार, मोठ्याने ओरडले:

"आत्यानं! आत्यानंच टांगला, म्या पाह्यलं!"